करा, राहू द्या, सांगा

“कपाट हलणार नाही.”

“का? मुळं फुटलीत त्याला?”

“जड आहे, ताई. कपड्यांनी गच्च भरलंय.”

“कपडे काढता येतात, बारक्या. दार उघडायचं, हात आत घालायचा, कपडे बाहेर.”

“पाचला माणसं घर बघायला यायचीत, आणि तू आत्ता अकरा वाजता सगळं उलटंपालटं करायला निघालीस!”

“पाचला यायचीत म्हणूनच. घर बघायला आलेलं माणूस कपाट हलवा म्हणत नाही, भिडस्त असतं बिचारं. पण घर घेतलं की पहिलं कपाटच हलवतं. तेव्हा आपण तिथे नसू. उचक्या मात्र आपल्यालाच लागतील.”

“तू माझी बहीण आहेस की त्यांची?”

“आज त्यांची. उद्या परत तुझी. चल, पाय धर.”

“तुझे?”

“कपाटाचे रे! माझे धरायला जन्म पडलाय.”

साठ वर्षांचे, नुकतेच निवृत्त झालेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर घसरलेले माझे वडील आतल्या खोलीतल्या लोखंडी कपाटाला पाठ लावून, दोन्ही हात पसरून उभे होते. कपाटाला कुणी पकडून न्यायला आल्यासारखे. समोर बाह्या कोपरापर्यंत सारून आत्या. दारात चहाचा ट्रे घेतलेली आई, आत यावं की परत जावं या विचारात. आणि पलंगावर धुतलेल्या पडद्यांच्या ढिगाऱ्यात मी. त्या घरात आत्याला ‘नाही’ म्हटलेलं मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकत होते. बाबा अकरा वर्षांचे आणि आत्या एकोणीस वर्षांची असताना आजोबा गेले. तेव्हापासून बाबांच्या आयुष्यातले सगळे ‘हो’ आत्याच्या नावावर होते.

त्यात हे घर विकलं जावं याची घाई सगळ्यांत जास्त आत्यालाच. आमचं घर तिसऱ्या मजल्यावर. लिफ्ट नाही, पायऱ्या बासष्ट. आईचे गुडघे बासष्टपैकी चाळिसाव्या पायरीवर संप पुकारतात. गावाच्या दुसऱ्या टोकाला आत्या राहते, तिथे तिच्या भिंतीला भिंत लागून असलेलं तळमजल्यावरचं दोन खोल्यांचं घर रिकामं झालं होतं. आत्यानेच शोधलं, आत्यानेच घरमालकाला महिनाअखेरपर्यंत थांबवून धरलं. आईची खुर्ची कुठल्या खिडकीत ठेवायची हेसुद्धा तिचं ठरलं होतं. मधल्या कुंपणात छोटं फाटक करायचं म्हणून बिजागऱ्याही आणून ठेवल्या होत्या. महिना संपायला आठ दिवस उरले होते. आमचं घर विकलं तरच ते हाती येणार होतं. याआधी दोघं येऊन घर बघून गेले आणि पुन्हा फिरकले नाहीत. आजचं गिऱ्हाईक तिसरं.

आता आत्याबद्दल सांगायलाच हवं, नाहीतर ती एका कपाटावरून एवढी का भांडते ते कळायचं नाही.

आत्याने पंचेचाळीस वर्षं रंगाच्या दुकानात काउंटर सांभाळला. आजोबा त्याच दुकानाचे रंगारी. ते गेल्यावर मालकांनी पोरीला कामावर घेतलं, डबे पुसायला. सहा महिन्यांत पोरगी गिऱ्हाइकांना उलट प्रश्न विचारायला लागली.

“पांढरा द्या, छताला मारायचाय. डाग पडलाय.”

“डाग गोल आहे की लांबट?”

“गोल असेल. तुम्हाला काय करायचंय?”

“कडेला पिवळी रेघ आहे?”

“आहे.”

“मग वरच्या मजल्यावर जा. पांढरा रंग नाही मिळायचा तिथे, पण डाग कुठून आला ते मिळेल.”

मालक कपाळाला हात लावायचे. “अगं, तुला मी डबे विकायला ठेवलंय. तू नळाचे वॉशर विकतेस!”

“वॉशर नेलेला माणूस पुढच्या वेळी डबा न्यायला येतो, मालक. ओलीवर मारायला डबा नेलेला माणूस डबा परत करायला येतो.”

पुढे पुढे मालकच गिऱ्हाइकाला म्हणायला लागले, आधी बाईंना विचारा, मग माझ्याकडे या. चार वर्षांपूर्वी मालक वारले आणि मुलांनी दुकान बंद केलं. आत्या तीन महिने घरात नुसती बसून होती. आम्ही भेटायला गेलो की म्हणायची, “बसा,” आणि स्वतः भिंतीकडे बघत राहायची. मग एक दिवस एका जुन्या गिऱ्हाइकाचा फोन आला. घर विकायचंय, विकण्याआधी काय काय करून घेऊ? आत्या चपला घालून निघालीच. ते घर पंधरा दिवसांत गेलं. तेव्हापासून ज्याला घर विकायचं तो आधी आत्याला बोलावतो.

तिची पद्धत ठरलेली. आल्या आल्या ती बसत नाही. दाराबाहेर परत जाते आणि बेल वाजवते. “मी गिऱ्हाईक. उघडा.” दार उघडलं की उंबऱ्यात उभी राहून मोठ्याने सांगते काय दिसलं, कसला वास आला. “आधी चपलांचा ढीग दिसला. मग बंद पडलेलं घड्याळ. वास कुत्र्याचा.”

“कुत्रा जाऊन दोन वर्षं झाली!”

“तो गेला. सोफा आहे ना.”

बाथरूममध्ये मगभर पाणी ओतून ते जाळीकडे जातं की दाराकडे, हे बघते. सगळे नळ एकदम सोडते. प्रत्येक दार उघडून मिटते. किल्लीने एकेक टाइल वाजवते, कान लावून. भरीव वाजली की पुढे, पोकळ वाजली की थांबते. आणि भिंतीला हाताची मागची बाजू लावते, ताप बघावा तशी. “तळहात कामाने निबर झालाय. त्याला ओल कळत नाही. मागची कातडी अजून कोवळी आहे.”

मग एक स्टूल मागून घेते आणि पिशवीतून शेडकार्ड काढते. रंगांचे नमुने छापलेली जाडजूड कार्डं दुकान बंद होताना तिने पोतंभर घरी आणली होती. त्यांच्या कोऱ्या बाजूला ती तीन रकाने आखते. करा. राहू द्या. सांगा.

‘करा’ मध्ये नेहमी साध्या गोष्टी. गळणारा नळ. करकरणारी बिजागरी. गेलेले दिवे. खिडकीच्या काचा, आतून आणि बाहेरूनही. अर्धं सामान माळ्यावर नको, घराबाहेर. जांभळी भिंत असेल तर फिकट करा. इथे लोक खट्टू होतात. त्यांना काहीतरी भव्य करायचं असतं.

“मी म्हणत होते, ओटा नवा बसवून घ्यावा,” एक बाई म्हणाल्या होत्या. “काळाभोर, चकचकीत.”

“तुम्हाला इथे स्वयंपाक करायचाय?”

“नाही, आम्ही तर जाणार.”

“मग ज्यांना करायचाय त्यांना ठरवू द्या. तुमचा काळाभोर ते पहिल्याच महिन्यात फोडतील आणि हळहळतील. त्यापेक्षा हा आहे तो घासा. मळाखाली बघा, याचा रंग हिरवा आहे.”

“हिरवा? मी तर करडा समजत होते!”

ओटा गेला ‘राहू द्या’ मध्ये.

तिसऱ्या रकान्यावरून मात्र हमखास वाजतं. जे दुरुस्त होत नाही किंवा वेळेत होणार नाही, ते गिऱ्हाइकाला आपल्या तोंडाने सांगायचं. कुणालाच हे पचत नाही. एका मास्तरांच्या घरामागे सुताराचा कारखाना होता. दुपारी तीन ते पाच करवत चालायची. मास्तर गिऱ्हाइकांना सहाला बोलवायचे. आत्याने लिहिलं, ‘सांगा. आणि तीनला बोलवा.’ मास्तर पुढे चार महिने तिला रस्त्यात दिसले की दुसऱ्या बाजूला जायचे. शेवटी घर घेतलं एका बँडमध्ये ड्रम वाजवणाऱ्याने. त्याला तसंच घर हवं होतं, जिथे शेजारी तक्रार करणार नाहीत. मास्तर पेढे... नाही, पेढे नाहीत, पण चहाची पुडी घेऊन आत्याच्या दारात आले.

तर ही आत्या. आमच्याकडे ती चार दिवसांपूर्वीच राहायला आली होती. बेल वाजवली, नळ सोडले, घर घासूनपुसून घेतलं. मला गॅलरीचे गज सॅंडपेपरने घासायला लावलं, बाबांना आठ वर्षं न लागणारी कडी बसवायला लावली. सगळी कामं झाली. राहिली फक्त आतली खोली, कारण तिथे दर वेळी बाबांना काहीतरी आठवायचं. आधी म्हणाले, आई झोपलीय. मग किल्ली सापडत नव्हती. मग कागदपत्रं पसरलीत. चौथ्या दिवशी आत्या बोलणंच बंद करून थेट आत शिरली होती.

“बरं, कपाट नको हलवू,” ती म्हणाली आणि पलंगाच्या कडेवर बसली. बाबांनी हात खाली केले. चूक केली. आत्या बसते तेव्हा ती विचार करत असते.

“हे कपाट खिडकीपाशी होतं.”

“हो. मग इकडे आणलं.”

“कधी?”

बाबांनी चष्मा काढून पुसायला घेतला. चौतीस वर्षं छापखान्यात प्रूफं तपासून त्यांनी दुसऱ्यांच्या चुका शोधल्या, पण स्वतः थाप मारायची वेळ आली की त्यांना चष्मा पुसावाच लागतो.

“झाली असतील चारेक वर्षं.”

“आणि डांबरगोळ्या इतक्या का? दारातून वास येतोय. किडा मारायचाय की हत्ती?”

“लोकरीचे कपडे आहेत.”

“मागची भिंत बाथरूमची.”

आईने ट्रे खाली ठेवला. कपबशा वाजल्या.

“बारक्या,” आत्याचा आवाज खाली आला, “ओल आहे ना? अरे मग त्यात लाजायचं काय? जगात निम्म्या भिंतींना असते. मी पंचेचाळीस वर्षं लोकांना सांगतेय की कपाट लावून ओल जात नाही, फक्त कपाट गंजतं. आणि माझा सख्खा भाऊ परक्या माणसाला असं फसवणार?”

“मी कुणाला फसवत नाहीये!”

“मग हलव.”

“नाही हलवणार!”

“लोकांसमोर काय तोंड दाखवू मी? हिच्या भावाने...”

“ताई, पुरे!” हे बाबा नव्हते, आई होती. “त्यांच्यावर काही बोलू नका. त्यांनी हे गिऱ्हाइकापासून लपवलेलंच नाही. तुमच्यापासून लपवलंय.”

आत्याने आईकडे पाहिलं. मग बाबांकडे. बाबांचा चष्मा आता इतका स्वच्छ झाला होता की त्यातून त्यांचे डोळे नको तितके दिसत होते.

मी कपाटातले कपडे काढले. ढीगच्या ढीग पलंगावर टाकले. बाबांनी एक बाजू धरली, आत्याने दुसरी. कपाट किंचाळत दीड हात सरकलं.

मागे भिंत अशी नव्हतीच. कमरेएवढ्या उंचीपर्यंत पोपडे सुटलेले, त्यांच्यामागे पांढरा लोणा, बोट लावलं की मिठासारखा झडणारा. मधे मधे वेगवेगळ्या रंगांचे चौकोन. बाबांनी दर वर्षी गुपचूप ब्रश फिरवला होता, आणि दर वर्षीची छटा वेगळी लागली होती.

आत्याने हाताची मागची बाजू लावली. खालून वर नेली. डावीकडून उजवीकडे. मग उठून बाथरूममध्ये गेली. तिथून किल्लीचा आवाज आला. टक, टक, टक. थांबला. पुन्हा, एकाच जागी. टक, टक.

ती परत आली तेव्हा खाली जमिनीवरच बसली, स्टूल न मागता.

“नळाखालून येतंय,” ती म्हणाली.

“हो,” बाबा म्हणाले.

“टाइलवर टाइल बसवली तिथून.”

“पाइप जुना आहे, ताई. कधीतरी गळणारच होता.”

“टाइलवर टाइल कुणी बसवायला सांगितली?”

बाबांनी पुन्हा चष्म्याला हात घातला. “नको ना आता. राहू दे.”

आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. आईच्या डोळ्याचं ऑपरेशन होऊन आठवडा झालेला, एका डोळ्यावर पट्टी. जुन्या गुळगुळीत बाथरूममध्ये ती दोनदा घसरता घसरता वाचली. खडबडीत टाइल बसवणं भागच होतं, पण डॉक्टरांनी बजावलेलं, घरात धूळ नको. जुन्या टाइल फोडायच्या म्हणजे आठ दिवस धुळीचे लोट. तेव्हा आत्याने सांगितलं होतं, फोडू नका. जुन्यावरच नव्या चिकटवा, जमिनीला आणि भिंतीलाही. दोन दिवसांत काम, धूळ शून्य. दुकानात कुणी असं विचारलं असतं तर तिने त्याला उभंही केलं नसतं.

“नळाखालच्या तीन पोकळ वाजल्या होत्या,” आत्या म्हणाली. ती आमच्यापैकी कुणाकडे बघत नव्हती. “तेव्हाच. मी वाजवून बघितल्या होत्या. पोकळ म्हणजे मागे पाणी आहे, हे मला कळायला हवं होतं. कळलंच होतं. पण हिच्या डोळ्यावरची पट्टी बघितली आणि म्हटलं, असेल, जुनं काम आहे, असेल पोकळ. ऐकून न ऐकल्यासारखं केलं मी.”

“माझा डोळा वाचला ना पण,” आई म्हणाली.

“डोळा वाचला, भिंत गेली.”

“मला डोळा जास्त लागतो, ताई. भिंतीला टेकून बसण्यापलीकडे माझा तिच्याशी संबंध नाही.”

आत्याला हसू आलं, पण ते अर्ध्यावर थांबलं. “चार वर्षं झाली, बारक्या. सांगितलं का नाहीस?”

“कसं सांगणार? दुकान बंद झालं त्या वर्षी ओल दिसली. तू भिंतीकडे बघत बसायचीस. म्हणजे चांगल्या, कोरड्या भिंतीकडे. मग तो पहिला फोन आला. तू त्या घराबद्दल तासभर बोललीस, आठवतं? जेवण थंड झालं. त्या दिवशी मी म्हणू, ताई, माझ्या घरात ये, तुझी चूक दाखवतो?” बाबा थांबले. “पहिल्या वर्षी सांगवलं नाही. दुसऱ्या वर्षी, पहिल्या वर्षी का नाही सांगितलं, ते सांगवलं नाही. मग कपाट होतंच.”

“आणि माझा पलंग?”

“काय तुझा पलंग?”

“चार वर्षं मला हॉलमध्ये झोपवतोस. आधी मी ह्या खोलीत झोपायचे. हॉलमध्ये वारा छान येतो म्हणालास. मला वाटलं, आता मी पाहुणी झाले. म्हातारी बहीण आली की बाहेरच्या खोलीत.”

“अगं नाही! इथे झोपली असतीस तर तुला वास आला असता, दोन मिनिटांत! तू... तू असं समजत होतीस? चार वर्षं?”

“मग काय समजणार? तू सांगितलंस का काही?”

“तू विचारलंस का?”

बाबांनी खिशातून एक कागद काढून तिच्यापुढे धरला. “हे बघ. मी आज त्यांना सांगणारच होतो. तू माळ्यावरचं आवरायला गेलीस की. लिहून ठेवलंय.”

आत्याने वाचलं. बाबांचं टपोरं, काना-मात्रा तपासलेलं अक्षर. ‘आतल्या खोलीच्या भिंतीला ओल आहे. बाथरूमचा पाइप जुना असल्याने. दुरुस्त करावा लागेल.’

“हे अर्धंच आहे,” ती म्हणाली.

“सगळं खरं आहे त्यात!”

“टाइलवर टाइल आहे हे कुठे आहे? अरे, हा कागद घेऊन ते प्लंबरला बोलावतील. तो वरची टाइल काढेल, खाली दुसरी टाइल, तिला भिंत समजेल. कोरडी दिसेल, त्यावर सिमेंट थापून निघून जाईल. सहा महिन्यांत परत हीच ओल. दुसऱ्यांदा फोडा, दुसऱ्यांदा आठ दिवस बाथरूम बंद. माझं नाव झाकायला तू त्यांना दोनदा फोडायला लावणार.”

“पण ते पळून जातील, ताई! आधीचे दोघं ओलीचं ऐकूनच गेले. आठ दिवस उरलेत. तुझ्या शेजारचं घर हातचं जाईल. तुझं फाटक...”

“फाटकाचं नाव काढू नकोस,” आत्या म्हणाली. “मी रोज संध्याकाळी त्या बिजागऱ्या काढून बघते.”

ती उठली. कपाट परत लावू दिलं नाही. भिंत झाडून घेतली, पोपडे केराच्या सुपलीत भरले, खिडक्या उघडल्या. कपडे मी आणि आईने हॉलमध्ये नेऊन नीट रचले. मग तिने नवीन शेडकार्ड काढलं आणि बराच वेळ लिहीत बसली. आम्हाला दाखवलं नाही.

पाचला दोघं आली. ती इस्पितळात नर्स, पायात पांढरे बूट, चढून येऊनही धाप न लागलेली. तो टेप घेऊन आलेला, घरात पाऊल टाकल्या टाकल्या दाराची उंची मोजायला लागला.

“हॉल आधी बघू या,” बाबा म्हणाले.

“आधी भिंत,” आत्या म्हणाली. “हॉल चांगला आहे, तो दिसेलच. भिंतीचं दाखवावं लागतं.”

ती त्यांना आतल्या खोलीत घेऊन गेली. आम्ही मागोमाग, वरातीसारखे. तिने सगळं सांगितलं. कुठून पाणी येतं, टाइलखाली टाइल कशी आहे, नळाखालच्या कुठल्या तीन फोडायच्या आणि जुन्या विटेपर्यंत का जायचं, वाळायला किती दिवस द्यायचे, आणि त्याआधी रंग लावायची घाई का करायची नाही. आवाज अगदी काउंटरवरचा. फक्त हात मागे बांधलेले.

नवऱ्याने टेप मिटला. खट्. “एवढं सगळं फोडायचं असेल तर मग घर कशाला घ्यायचं?”

बाबांचा चेहरा पडला. आई भिंतीला टेकायला गेली आणि भिंत ओली आहे हे आठवून सरळ उभी राहिली.

“हे कुणी सुचवलं होतं?” नर्सने विचारलं. “वरून टाइल बसवायचं?”

“कारागिराने...” बाबा म्हणाले.

“मी,” आत्या म्हणाली. “मला कळत असून.”

नर्सने तिच्याकडे नीट पाहिलं. “आमच्याकडे काही चुकलं की सगळे आधी कागद शोधतात. मी केलं असं म्हणणारं माणूस मला अकरा वर्षांत भेटलं नाही.” मग ती पुढे झाली आणि भिंतीला हात लावला.

“तसा नाही,” आत्या न राहवून म्हणाली. “मागची बाजू. ताप बघतेस ना तशी.”

“ताप असाच बघायचा असतो, मला कुणी सांगितलं नव्हतं,” नर्स म्हणाली आणि हात उलटा केला. भिंतीवरून वरखाली नेला. “इथपर्यंत गार आहे. इथून वर नाही.”

“बरोबर.”

मग त्यांनी उरलेलं घर बघितलं. नवऱ्याने खिडक्या मोजल्या, कडी तीनदा लावून पाहिली आणि खूश झाला. बाबांना आत्याच्या ‘करा’ रकान्याचं मोल तेव्हा कळलं असावं. ती दोघं गॅलरीत जाऊन हळू आवाजात बोलली. आम्ही चौघं हॉलमध्ये ओळीने बसलो होतो, निकालाला बसावं तसे.

नर्स आत आली. “सोमवारी आम्ही प्लंबरला घेऊन येतो. तुमच्या त्या तीन टाइल फोडून बघू. आत तुम्ही सांगताय तसंच निघालं, तर घर आमचं. पण फोडताना ह्या हव्यात.” तिने आत्याकडे बोट केलं. “समोर उभ्या राहाल?”

“उभी नाही राहणार,” आत्या म्हणाली. “स्टूल लागेल.”

जाताना तिने नर्सला शेडकार्ड दिलं. मी मान तिरकी करून वाचलं. ‘करा’ खाली तीन टाइल आणि एक बाण. ‘राहू द्या’ खाली गॅलरी, कडी, खिडक्या. ‘सांगा’ खाली एकच ओळ होती, तिच्या ठळक अक्षरात: टाइलवर टाइल मी बसवायला लावली. खाली तिचा फोन नंबर.

दार लागलं. बासष्ट पायऱ्यांवरून पांढरे बूट खाली जाताना ऐकू येत राहिले. आईने त्या दिवशी पहिल्यांदा कुणाला तरी चहा गरम दिला.

बाबा खुर्चीत बसले नाहीत. आत्यासमोर उभे राहिले, लहानपणी प्रगतिपुस्तक दाखवताना उभे राहत असतील तसे.

“ताई, एक विचारू? खरं सांगशील?”

आत्याने कप खाली ठेवला.

“मी चार वर्षांपूर्वीच सांगितलं असतं ना, तर तू त्या पहिल्या फोननंतर दुसऱ्या घरी गेलीच नसतीस. भिंतीकडे बघतच बसली असतीस. हो की नाही?”

आत्या उठली. हॉलमधल्या पलंगावरची चादर तिने झटकून घडी घातली, उशी काखेत मारली, भिंतीशी टेकवलेली आपली पिशवी उचलली. बाबा वाट बघत उभे होते. ती त्यांच्या बाजूने, वाटेतल्या कपड्यांच्या ढिगाला वळसा घालून, आतल्या खोलीत निघून गेली.